काचेवरची जीभ : बाल्टिमोरच्या भ्रूणसंग्रहाची वाटचाल

जीभ केवढीशी, पण तिची उस्तवार करायला मेंदूतून निघणारे पाच मज्जातंतू लागतात. पुढच्या दोन-तृतीयांश भागाला गरम-गार आणि टोचलेले-भाजलेले कळते ते मेंदूच्या मज्जातंतूंच्या क्रमातल्या पाचव्याच्या शाखेमुळे. त्याच भागाची चव मात्र सातवा वाहून नेतो. मागच्या एक-तृतीयांश भागाची चव आणि स्पर्श, दोन्ही नवव्याकडे. अगदी मुळाशी, श्वासनलिकेच्या झाकणापाशी, दहावा येतो. आणि जीभ हलवण्याचे काम जवळजवळ सगळे बाराव्याचे. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला विद्यार्थी हा हिशेब घोकतात आणि परीक्षा झाली की बहुतेक विसरतात. एवढ्याशा अवयवाची अशी वाटणी का, हे मोठ्या माणसाच्या तोंडात डोकावून कळत नाही. ते कळते गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात, जेव्हा अख्खा भ्रूण तांदळाच्या दाण्यापासून वाढत जेमतेम तीन सेंटिमीटरपर्यंत पोचतो.

या काही आठवड्यांचा माणसापुरता हिशेब मांडण्यात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या एका संस्थेचा वाटा फार मोठा आहे. कार्नेगी इन्स्टिट्यूशन ऑफ वॉशिंग्टनचा भ्रूणशास्त्र विभाग १९१४ मध्ये सुरू झाला. मानवी भ्रूणाच्या पहिल्या आठ आठवड्यांचे जे २३ टप्पे आज जगभर प्रमाण मानले जातात, त्यांना ‘कार्नेगी टप्पे’ म्हणतात ते या विभागाच्या संग्रहामुळे. या संग्रहाची हकीकत अनेक वाटांनी सांगता येईल. इथे ती जिभेच्या वाटेने सांगितली आहे, कारण संस्थापकाच्या पहिल्या अभ्यासापासून संग्रह पार दुसऱ्या किनाऱ्याला गेल्यानंतरच्या संशोधनापर्यंत जिभेचा प्रश्न पुन्हापुन्हा पुढे येतो.

लाइपझिगची शिदोरी

संस्थेची मुळे जर्मनीत आहेत. लाइपझिगचे शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८८० ते १८८५ या काळात ‘मानवी भ्रूणांची शरीररचना’ हा ग्रंथ तीन भागांत प्रसिद्ध केला. त्यापूर्वी भ्रूणाचे अभ्यासक मुख्यतः कोंबडीच्या अंड्यावर आणि सशा-डुकरांच्या भ्रूणांवर विसंबत. माणसाचेही तसेच असेल असे धरून चालत. हिस यांनी डॉक्टर मित्रांकडून मिळालेल्या मानवी भ्रूणांचे मायक्रोटोमने पातळ छेद घेतले, छेदांवरून आकृत्या काढल्या आणि आकृत्यांवरून संपूर्ण आकार पुन्हा उभा केला.

त्या आकारांत त्यांना जिभेचा पाया दिसला. चौथ्या आठवड्याच्या सुमारास भावी गळ्याच्या दोन्ही बाजूंना उतींच्या कमानी एकाखाली एक उभ्या राहतात. प्रत्येक कमानीचा मज्जातंतू ठरलेला : पहिलीचा पाचवा, दुसरीचा सातवा, तिसरीचा नववा, चौथीचा दहावा. या कमानी आतून, तळाशी जिथे मिळतात तिथे जीभ उगवते. पहिल्या कमानीतून बाजूला दोन फुगवटे येतात आणि त्यांच्यामध्ये एक लहानसा, बिनजोडीचा उंचवटा. या मधल्या उंचवट्याला हिस यांनी दिलेले ‘ट्युबरक्युलम इम्पार’ हे नाव अजून चालते. बाजूचे दोन फुगवटे झपाट्याने वाढतात, मधल्याला झाकून टाकतात आणि एकमेकांना चिकटतात. तोच जिभेचा पुढचा मोठा भाग. त्यांच्या सांध्याची रेघ जिभेच्या मधोमध आयुष्यभर दिसते. मागचा भाग मुख्यतः तिसऱ्या कमानीचा. तो पुढे सरकताना दुसऱ्या कमानीच्या उंचवट्याला गाडून टाकतो. त्यामुळे जिभेच्या पृष्ठभागात दुसऱ्या कमानीचे जवळजवळ काही उरत नाही, मात्र तिचा सातवा मज्जातंतू पहिल्या कमानीच्या हद्दीत शिरून चव घेत राहतो. पाचापैकी चार मज्जातंतूंचा उलगडा एवढ्यात होतो.

पुढचा आणि मागचा भाग जिथे जुळतात तिथे व्ही आकाराची खाच असते आणि तिच्या टोकाला एक बारीक खळगा. थायरॉइड ग्रंथीची सुरुवात याच खळग्यातून होते. तिथून ती मानेत खाली उतरते. उतरण्याची ती वाट काही जणांत पुरती बुजत नाही आणि मोठेपणी मानेच्या मध्यभागी गाठ येते. मेयो क्लिनिकचे शल्यचिकित्सक वॉल्टर सिस्ट्रंक यांनी १९२० मध्ये अशा गाठीसोबत कंठिकेच्या हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या खळग्याकडे जाणारी वाटही काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. नुसती गाठ काढली तर ती पुन्हा येते, याचे कारण भ्रूणशास्त्राने आधीच हाती दिले होते.

हिस यांच्याकडे १८८४ मध्ये आयोवातल्या बेल प्लेन गावचा बावीस वर्षांचा अमेरिकन डॉक्टर शिकायला आला. त्याचे नाव फ्रँकलिन पेन मॉल. हिस यांनी त्याला विषय दिला कोंबडीच्या भ्रूणातल्या गळ्याच्या कमानींचा. मॉल यांचा निष्कर्ष गुरूंच्या मताविरुद्ध गेला आणि पुढे गुरूंनी तो मान्यही केला. मॉल अमेरिकेला परतले ते हा विषय, छेद घेण्याची शिस्त आणि आपल्याकडेही असा संग्रह हवा ही ओढ घेऊन.

बरण्या जमा होतात

मॉल यांच्या संग्रहातला पहिला मानवी भ्रूण १८८७ चा. तेव्हा ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम वेल्च यांच्या हाताखाली विकृतिशास्त्रात काम करत होते. पुढे ते क्लार्क विद्यापीठात गेले, मग शिकागोला, आणि १८९३ मध्ये हॉपकिन्सचे नवे वैद्यक महाविद्यालय उघडले तेव्हा शरीररचनाशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून परत आले. बरण्या त्यांच्यासोबत फिरत राहिल्या. १८९१ मध्ये त्यांनी ‘सव्वीस दिवसांचा’ म्हणून एका मानवी भ्रूणाचे सविस्तर वर्णन छापले. त्यासाठी गुस्टाव्ह बॉर्न यांची पद्धत वापरली होती : प्रत्येक छेदाची आकृती मोठी करून मेणाच्या पत्र्यावर उतरवायची, पत्रा त्या आकारात कापायचा, आणि एकावर एक पत्रे रचून भ्रूण हातात धरता येईल एवढा मोठा करायचा.

भ्रूण येत ते गावोगावच्या डॉक्टरांकडून. कुणाचा गर्भपात झालेला असे, कुणाचे गर्भाशय काढलेले असे, कधी गर्भवती स्त्रीच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत भ्रूण सापडे. मॉल पत्रे लिहीत, पत्रके पाठवत, नमुना कसा जपावा आणि कसा पाठवावा ते सांगत. डॉक्टर बरणी आणि स्त्रीच्या पाळीच्या तारखा पाठवत. बदल्यात त्यांना नमुन्याचा अहवाल मिळे आणि छापील लेखात नाव येई. ज्या स्त्रीच्या पोटातून नमुना आला, तिचे नाव त्या लेखांत क्वचितच असे. या विषयाकडे शेवटी यावेच लागेल.

बाराव्या मज्जातंतूचे कोडे

चार मज्जातंतू कमानींनी समजले, तरी बारावा कमानींच्या हिशेबात बसत नव्हता. जिभेचे स्नायू तोच हलवतो, पण त्याची स्वतःची कमान नाही. तो मेंदूच्या खालच्या टोकापासून, कवटीच्या मागच्या तळातून निघतो आणि मानेला वळसा घालून जिभेत शिरतो. मज्जातंतू स्नायूला लवकर जोडला जातो आणि स्नायू जिथे जाईल तिथे मागोमाग जातो, हा भ्रूणशास्त्रातला जुना अनुभव. त्यावरून तर्क असा निघत होता की जिभेचे स्नायू मुळात डोक्याच्या मागच्या बाजूचे असून तिथून पुढे आले असावेत. पण हे दाखवायचे कसे?

मॉल यांच्या प्रयोगशाळेतले जॉर्ज स्ट्रीटर यांनी १९०४ मध्ये मानवी भ्रूणाच्या डोक्यामागच्या भागातल्या मज्जातंतूंवर मोठा लेख लिहिला. नववा ते बारावा हे मज्जातंतू कसे निघतात आणि कुठे जातात, ते वेगवेगळ्या वयांच्या भ्रूणांतून मांडले. बाराव्याचा वळसा कसा घडत जातो ते त्यात दिसले. स्नायूंचे मात्र ठरले नाही. हॉपकिन्समधलेच वॉरन लुइस यांनी कायबेल आणि मॉल यांच्या १९१० च्या ‘मानवी भ्रूणशास्त्र’ या ग्रंथात स्नायूंचे प्रकरण लिहिले. त्यांचे म्हणणे असे की मानवी छेदांत डोक्यामागच्या कायखंडांपासून, म्हणजे भ्रूणाच्या पाठीला ओळीने पडणाऱ्या ठोकळ्यांपासून, जिभेपर्यंत पेशी चालत येताना दिसत नाहीत. मज्जातंतूची वाट सोडली तर या तर्काला आधार नाही. तोंडाच्या तळातल्या उतींतूनच हे स्नायू जागच्या जागी बनतात, असेही पुढच्या पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले.

हा वाद मतांचा कमी आणि साधनांचा जास्त होता. भ्रूण वाढताना पाहता येत नाही. प्रत्येक नमुना एका क्षणाला थांबलेला. शंभर अनोळखी माणसांचा एकेक फोटो घेऊन एका माणसाचे आयुष्य मांडायला बसावे, तशी ही गोष्ट. फोटो थोडे असले आणि ओळीत नीट लावलेले नसले, तर जी हालचाल दोन-तीन दिवसांत होऊन जाते ती हातून निसटणारच.

विभाग उभा राहतो

हे मॉल ओळखून होते. एकेका प्राध्यापकाच्या कपाटात दहा-वीस भ्रूण असून भागत नाही, सगळे एका ठिकाणी हवेत, आणि छेद घेणारे, चित्रे काढणारे, नमुने घडवणारे लोक कायमच्या पगारावर हवेत, अशी मागणी त्यांनी १९१३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात केली. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०२ मध्ये स्थापलेल्या संस्थेने अनुदान दिले आणि १९१४ मध्ये हॉपकिन्सच्या आवारात भ्रूणशास्त्र विभाग सुरू झाला. मॉल यांनी आपला संग्रह त्याच्या हवाली केला. १९१५ पासून ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टु एम्ब्रियॉलॉजी’ हे प्रकाशन निघू लागले. त्यातल्या चित्रांची प्रत आजही पाहणाऱ्याला थांबवते.

ही चित्रे आणि नमुने करणारे लोक या वाटचालीत हटकून आठवायला हवेत. चित्रकार जेम्स डिडश यांची रेघ आणि छटा अनेक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत गेली. ऑसबोर्न हर्ड यांनी कित्येक दशके छेदांवरून मेणाचे आणि प्लास्टरचे शेकडो भ्रूण घडवले. जिभेचा एखादा फुगवटा काचपट्टीवर नुसता डाग दिसतो. तो शेजारच्या फुगवट्याला कुठे टेकतो, त्याच्याखाली कोणता मज्जातंतू जातो, हे कळायला हर्ड यांचे हात लागत.

मॉल यांनी १९१४ मध्ये २ ते २५ मिलिमीटर लांबीचे २६६ भ्रूण छायाचित्रांवरून १४ टप्प्यांत लावून पाहिले. पुढचे पाऊल टाकायला त्यांना वेळ मिळाला नाही. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. विभागाची सूत्रे स्ट्रीटर यांच्याकडे आली.

तेवीस टप्पे

स्ट्रीटर १९४० पर्यंत संचालक होते. त्यांचे सर्वात टिकाऊ काम त्यानंतर, निवृत्तीत झाले. भ्रूणाचे वय पाळीच्या तारखेवरून काढावे तर तारखा चुकतात. लांबीवरून काढावे तर रसायनात टाकलेला भ्रूण आक्रसतो. म्हणून स्ट्रीटर यांनी वय आणि लांबी दोन्ही बाजूला ठेवून शरीराच्या आतली घडण पाहिली. शेवटच्या टप्प्यांसाठी तर त्यांनी आठ अवयवांना गुण दिले : डोळ्याचा पारदर्शक पडदा, दृष्टीचा मज्जातंतू, कानातली गोगलगायीसारखी नळी, पियुषिका ग्रंथीचा पुढचा भाग, नाकातले एक छोटे गंधेंद्रिय, जबड्याखालची लाळग्रंथी, मूत्रपिंड आणि दंडाचे हाड. या मोजपट्टीत जीभ नाही, पण जिभेच्या प्रत्येक अवस्थेला तारीख देण्याची सोय याच मोजपट्टीने झाली.

या टप्प्यांना त्यांनी भूगर्भातल्या थरांवरून ‘होरायझन’ म्हटले आणि १९४२ पासून एकेक भाग छापला. १९४८ मध्ये ते वारले तेव्हा शेवटचे पाच टप्पे बाकी होते. चेस्टर ह्यूझर आणि नवे संचालक जॉर्ज कॉर्नर यांनी ते पुरे करून १९५१ मध्ये प्रसिद्ध केले.

सुरुवातीच्या टप्प्यांचे भ्रूण संग्रहात जवळजवळ नव्हतेच. ती उणीव बॉस्टनहून भरून आली. आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक यांनी १९३८ पासून पंधरा-एक वर्षे, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या २१० स्त्रियांकडून पाळीच्या आणि संबंधांच्या तारखा लिहवून घेतल्या. काढलेल्या गर्भाशयांत शोध घेऊन त्यांना ३४ भ्रूण मिळाले, सगळे पहिल्या सतरा दिवसांच्या आतले. ते कार्नेगी संग्रहात आले. यांपैकी एकातही जीभ नव्हती, कमानीही नव्हत्या. पण टप्प्यांची ओळ पहिल्या काही दिवसांपासून लावता आली ती त्यांच्यामुळेच.

बाल्टिमोर सुटते

१९५० नंतर भ्रूणशास्त्राचा रोख बदलला. कॉर्नर यांच्यानंतर आलेले जेम्स एबर्ट आणि मग डोनल्ड ब्राउन यांच्या काळात विभाग पेशी आणि जनुकांकडे वळला. याच विभागात काम करताना अँड्र्यू फायर यांनी आरएनएच्या साहाय्याने जनुक गप्प करण्याचा शोध लावला आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. विभागाच्या दृष्टीने हा उत्कर्षाचाच काळ. पण जुन्या काचपट्ट्यांना तिथे पहिल्यासारखे काम उरले नाही, आणि १९७० च्या दशकात अख्खा संग्रह कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे रोनन ओराहिली या आयरिश शरीररचनातज्ज्ञाकडे गेला.

ज्या वस्तू जुन्या घराला नकोशा झाल्या होत्या, त्यांतूनच ओराहिली आणि त्यांच्या सहकारी व पत्नी फाबिओला म्युलर यांनी बरेच काही नवे काढले. त्यांनी २३ टप्पे पुन्हा तपासले आणि १९८७ मध्ये त्यांची प्रमाण आवृत्ती काढली. त्याआधी १९८४ मध्ये त्यांनी बाराव्या मज्जातंतूचे जुने प्रकरण उघडले. आता भ्रूण नेमक्या टप्प्यांत लावलेले होते. डोक्यामागचे कायखंड आणि त्यांच्याशी जुळलेला बारावा मज्जातंतू त्यांनी टप्प्याटप्प्याने पाहिला, आणि ज्या मार्गाविषयी लुइस यांना शंका होती तो माणसातही मांडता येऊ लागला.

पेशी खरोखर चालत जातात याचा थेट पुरावा पक्ष्यांनी दिला. फ्रान्समध्ये निकोल ल दुआरां यांनी १९६९ मध्ये लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात रुजवण्याची युक्ती काढली. लाव्याच्या पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येते, त्यामुळे रुजवलेल्या पेशी कुठवर गेल्या ते कळते. ड्रू नोडन यांनी १९८३ मध्ये याच तंत्राने दाखवले की पक्ष्यांच्या जिभेचे स्नायू डोक्यामागच्या कायखंडांतून येतात. माणसावर असा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. म्हणून पक्ष्यातला प्रयोग आणि माणसाच्या क्रमवार काचपट्ट्या एकमेकांशेजारी ठेवाव्या लागतात. बाराव्या मज्जातंतूचे कोडे सुटले ते असे : पृष्ठभाग कमानींनी दिला, आतला स्नायू डोक्याच्या मागून आला, आणि येताना आपला मज्जातंतू घेऊन आला.

संग्रहाने आणखी एका प्रश्नाला हात दिला. सातव्या-आठव्या आठवड्यात जीभ तोंड आणि नाक मिळून असलेली सगळी पोकळी भरून टाकते, आणि टाळूचे दोन पडदे तिच्या दोन बाजूंना उभे लोंबत असतात. जबडा पुढे वाढला की जीभ खाली बसते, पडदे आडवे होतात आणि नंतरच्या आठवड्यांत मध्यावर जुळतात. व्हर्जिनिया डिवर्ट यांनी १९८३ मध्ये मानवी भ्रूणांच्या मोजमापांतून चेहरा, जबडा आणि जीभ यांचे हे बदलते नाते मांडले. जबडा लहान राहिला तर जीभ वरच अडकते आणि टाळू दुभंगलेला राहतो. फ्रेंच डॉक्टर पिएर रोबँ यांनी १९२३ मध्ये वर्णन केलेल्या बाळांत बहुधा असेच घडलेले असते. अशा बाळाची जीभ मागे पडून श्वास अडतो, म्हणून त्याला पालथे किंवा कुशीवर ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

काचेवरून पडद्यावर

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संग्रह पुन्हा पूर्वेला, वॉशिंग्टनच्या लष्करी आरोग्य संग्रहालयात आला आणि २०११ मध्ये त्या संग्रहालयाबरोबर मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला गेला. न्यू ऑर्लिन्सच्या रेमंड गॅसर यांनी काचपट्ट्यांची संगणकीय चित्रे करून ती जगाला खुली केली. आम्सटरडॅममध्ये बर्नाडेट द बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने सुमारे १५ हजार छेदांवर अवयव एकेक करून आखले आणि २०१६ मध्ये त्यांतून त्रिमित नकाशासंग्रह तयार केला. हर्ड जे मेणात करत ते आता माउसने झाले. पाठ्यपुस्तकांतल्या काही गोष्टी प्राण्यांवरून माणसावर लादलेल्या आहेत, हेही त्यात पुन्हा उघडे पडले. सव्वाशे वर्षांपूर्वी हिस यांनी जी तक्रार केली असती, तीच ही.

ज्यांना विचारले नाही

अनेक दशकांत जमलेल्या सुमारे दहा हजार नमुन्यांच्या नोंदी या संग्रहाच्या नावावर आहेत. मानववंशशास्त्रज्ञ लिन मॉर्गन यांनी २००९ मधल्या आपल्या पुस्तकात या नोंदींमागच्या स्त्रियांचा माग काढला. बहुतेकींना आपल्या गर्भाचे पुढे काय झाले ते माहीत नव्हते, आणि माहीत असावे असे त्या काळच्या डॉक्टरांना वाटलेही नाही. तो त्या काळाचा रिवाज होता, हे खरे. पण २३ टप्पे त्या रिवाजावर उभे आहेत, हेही तितकेच खरे, आणि संस्थेचा इतिहास लिहिताना दुसरे वाक्य गाळून चालत नाही.

आता रीत बदलली आहे. लंडन आणि न्यूकॅसल इथला मानवी भ्रूणांचा संग्रह १९९९ पासून स्त्रियांच्या लेखी संमतीने चालतो. जिवंत गर्भाच्या जिभेचा अभ्यासही होतो, तो आईच्या सहभागाने. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात सुमारे शंभर गर्भवतींपैकी काहींनी गाजराची, तर काहींनी केल या कडसर पालेभाजीची भुकटी भरलेली कॅप्सूल घेतली, आणि बत्तिसाव्या व छत्तिसाव्या आठवड्यातले गर्भाचे चेहरे अल्ट्रासाउंडवर टिपले गेले. गाजराला हसरा, केलला रडवेला भाव अधिक दिसला. २०२२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईच्या जेवणातली चव गर्भापर्यंत पोचते, हे त्या आयांनी स्वतः ठरवून आपल्याला दाखवले.

कार्नेगी संग्रह मोडावा असे आज फारसे कुणी म्हणत नाही. टाळू दुभंगलेले बाळ ज्याच्या पुढ्यात येते त्या शल्यचिकित्सकाला, आणि जिभेचे पाच मज्जातंतू घोकणाऱ्या विद्यार्थ्याला, त्यातले ज्ञान रोज लागते. संग्रहाचे देणे फेडायचे तर एक काम हाताशी आहे : जिथे कार्नेगी टप्पे शिकवले जातात, तिथे मॉल आणि स्ट्रीटर यांच्या नावांसोबत हे भ्रूण कुठून आणि कसे आले तेही शिकवावे. त्याला वर्गातली पाच मिनिटे पुरतील.